माहितीपटाचे विश्लेषण कसे करावे: तंत्र, चित्रण आणि प्रेक्षक

दुष्काळावरच्या एखाद्या माहितीपटाचे विश्लेषण लिहायला सांगितले की माध्यम अभ्यासाचे बहुतेक नवे विद्यार्थी दुष्काळावर निबंध लिहून आणतात. त्यात पर्जन्यमान येते, टँकर येतात, पाटबंधारे खात्यावर टीका येते आणि शेवटी 'दिग्दर्शकाने हा विषय प्रभावीपणे मांडला आहे' असे एक वाक्य येते. विश्लेषण खरे तर त्या शेवटच्या वाक्यापासून सुरू व्हायला हवे. प्रभावीपणे म्हणजे नेमके काय करून, कोणावर प्रभाव पडावा म्हणून, आणि पडद्यावरच्या माणसांना कोणत्या रूपात उभे करून? तंत्र, प्रेक्षक आणि चित्रण (म्हणजे कोणाला कोणत्या रूपात दाखवले ते) हे अभ्यासक्रमात तीन सुटे घटक म्हणून छापलेले असतात. माझ्या मते ते एकाच शॉटला विचारायचे तीन प्रश्न आहेत, आणि ते एकत्र विचारण्याची सवय लागली की माहितीपट वाचता येऊ लागतो. ही सवय कशी लावून घ्यावी, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: 'खरे की खोटे' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा

माहितीपट म्हणजे खरे आणि कथापट म्हणजे रचलेले, ही समजूत घेऊन बसले तर विश्लेषणाला जागाच उरत नाही. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा १९२२ सालचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा चित्रपट उत्तर कॅनडातील इनुइट लोकांवर आहे आणि माहितीपटाच्या इतिहासाची सुरुवात अनेकदा त्याच्यापासून केली जाते. त्यातले बर्फाचे घर आतून चित्रित करता यावे म्हणून त्याची एक बाजू उघडी ठेवली होती, कारण त्या काळच्या कॅमेऱ्याला आत पुरेसा उजेड मिळत नव्हता; आणि तेथील लोक एव्हाना बंदूक वापरत असतानाही शिकार जुन्या हत्याराने करून दाखवली गेली. हे कळल्यावर 'म्हणजे चित्रपट खोटा' असे म्हणून वही मिटणे सोपे असते. त्यापेक्षा कामाचा प्रश्न असा: बंदूक वगळल्यामुळे इनुइट माणूस प्रेक्षकाला कोणत्या काळातला वाटला, आणि तो तसा वाटावा ही गरज कोणाची होती? ब्रिटिश माहितीपट चळवळीचे प्रणेते जॉन ग्रिअर्सन यांनी माहितीपटाला वास्तवाची सर्जनशील मांडणी म्हटले होते. या व्याख्येतील 'मांडणी' हा भाग कोणी, कशासाठी आणि कोणत्या साधनांनी केला, हे शोधणे एवढेच आपले काम आहे.

हा प्रश्न अगदी साध्या चित्रीकरणालाही लागू पडतो. सावेदादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे मायदेशी परतले तो प्रसंग टिपला. त्यात निवेदन नव्हते, संगीत नव्हते, मुलाखत तर नव्हतीच. तरीही कॅमेरा कोठे ठेवायचा, केव्हा सुरू करायचा आणि शहरातल्या असंख्य घटनांपैकी कोणती घटना फिल्म खर्च करण्याजोगी मानायची, हे निर्णय झालेच होते.

दुसरी पायरी: तीन ते पाच मिनिटांचा तुकडा घ्या आणि त्याची नोंद करा

संपूर्ण चित्रपट एकदा सलग पाहा आणि मग त्यातला तीन ते पाच मिनिटांचा एकच तुकडा निवडा. तो एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा पडद्याकडे न पाहता फक्त ऐका आणि मग थांबत थांबत त्याची नोंद करा. वहीच्या पानावर पाच रकाने पुरतात: वेळ, काय दिसते, कॅमेरा कोठे आहे, काय ऐकू येते, आणि पडद्यावर कोणती अक्षरे येतात. या नोंदीत एकही विशेषण येऊ देऊ नका. 'गरीब बाई' असे काही दिसत नसते. दिसते ती अनवाणी, ठिगळाचे लुगडे नेसलेली, डोक्यावर दोन हंडे घेतलेली बाई. ती गरीब आहे हा आपण काढलेला अर्थ आहे, आणि तो कशावरून काढला हे पुढे सांगायचे असल्यामुळे तो आधीच नोंदीत मिसळून चालत नाही.

ही नोंद प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, मराठवाड्यातील दुष्काळावरच्या एका माहितीपटाची पहिली चाळीस सेकंदे अशी आहेत. पहिला शॉट भेगाळलेल्या काळ्या जमिनीचा, कॅमेरा जमिनीलगत, मागे सारंगी. दुसरा शॉट दुरून घेतलेला, हंडे घेऊन चाललेल्या बायकांची रांग, चेहरे ओळखू येत नाहीत. तिसरा शॉट एका म्हाताऱ्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्याचा, अगदी जवळून. तो बोलत नाही, निवेदक बोलतो: 'इथला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला आहे.' चौथ्या शॉटमध्ये तालुक्याचे अधिकारी टेबलामागे बसून टँकरच्या फेऱ्यांची आकडेवारी सांगतात आणि पडद्याच्या खालच्या भागात त्यांचे नाव व हुद्दा येतो.

आता रकान्यांवरून बोट फिरवा. अधिकाऱ्याला नाव आहे, हुद्दा आहे, खुर्ची आहे आणि पूर्ण वाक्य आहे. म्हाताऱ्याला चेहरा आहे, पण नाव नाही, आणि त्याच्या मनात काय चालले आहे ते त्याच्याऐवजी निवेदकच सांगतो. बायकांना चेहराही नाही. दिग्दर्शकाची सहानुभूती गावकऱ्यांकडे असली आणि अधिकाऱ्याला त्याने संशयाने दाखवले असले, तरी माहिती देण्याचा अधिकार पडद्यावर अधिकाऱ्याकडेच राहिला आहे. सहानुभूती आणि प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

पहिल्या शॉटकडे परत या, कारण खरी गंमत तेथेच आहे. काळी रेगूर माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे पाऊस चांगला झालेल्या वर्षीही उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. शेतकऱ्याला हे ठाऊक असते. भेगांमुळे जमीन खालपर्यंत उलते म्हणून तो त्यांना वाईटही मानत नाही. मुंबई-पुण्यातल्या प्रेक्षकाला मात्र तीच भेग म्हणजे दुष्काळ. शिवाय तो शॉट शेतातला आहे की आटलेल्या तलावाच्या गाळाचा, हे चौकटीवरून बहुतेक वेळा कळतच नाही. म्हणजे एकाच शॉटमध्ये तंत्र आहे, ते म्हणजे जमिनीलगतचा कॅमेरा आणि सारंगी. चित्रण आहे, ते म्हणजे निसर्गापुढे हतबल झालेला प्रदेश. आणि दोन वेगळे वाचन करणारे दोन प्रेक्षकही आहेत. चौकटीबाहेर काय राहिले, हेही याच वेळी लिहून ठेवा. पाण्याच्या टंचाईची गोष्ट सांगताना त्याच तालुक्यातला ऊस, साखर कारखाना किंवा विंधन विहिरी एकदाही दिसल्या नाहीत, तर ती टंचाई फक्त आभाळाची करणी ठरते आणि माणसांच्या निर्णयांना सूट मिळते.

तिसरी पायरी: नोंदीवरून तंत्राकडे

माहितीपटाचे अभ्यासक बिल निकोल्स यांनी माहितीपटाच्या सहा पद्धती सांगितल्या आहेत: काव्यात्म (प्रतिमा आणि लय यांवर भर), विवेचक (निवेदनातून युक्तिवाद), निरीक्षणात्मक (मध्ये न पडता पाहणे), सहभागी (दिग्दर्शक स्वतः सामील), आत्मचिंतनात्मक (चित्रपट स्वतःच्याच घडणीकडे लक्ष वेधतो) आणि अभिव्यक्तिप्रधान (वैयक्तिक अनुभव आणि भावना यांवर भर). परीक्षेत त्या विचारल्या जातात, म्हणून पाठ असाव्यात. पण 'हा माहितीपट विवेचक पद्धतीचा आहे' असे लिहिल्याने विश्लेषण होत नाही. बहुतेक चित्रपटांत दोन-तीन पद्धती एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि चित्रपट एका पद्धतीतून दुसरीत कोणत्या क्षणी जातो, हे पाहणे जास्त बोलके असते. दीड तास गप्प राहून निरीक्षण करणारा दिग्दर्शक शेवटच्या दहा मिनिटांत एकदम प्रश्न विचारू लागला, तर त्याला तेथे गप्प का राहवले नाही?

निवेदनाच्या बाबतीत आवाज कोणाचा, कोणत्या बोलीतला आणि तो बोलणारा पडद्यावर दिसतो का, हे तीन मुद्दे नोंदवा. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि वृत्तचित्रे पुढची कित्येक दशके चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवली जात. त्यांतला भारदस्त, न दिसणारा पुरुषी आवाज ज्या पिढ्यांनी ऐकला, त्यांच्या कानात 'माहितीपटाचा आवाज' म्हणून तोच बसला. अदृश्य निवेदक सर्वज्ञ वाटतो, कारण त्याला पत्ता नसतो. तोच मजकूर त्या गावातल्या शिक्षिकेने आपल्या बोलीत आणि कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितला, तर तो एका माणसाचा अनुभव होतो आणि प्रेक्षक त्याच्याशी वाद घालू शकतो.

मुलाखतीत प्रश्न ऐकू येतो की नाही, ते पाहा. प्रश्न कापून टाकला की उत्तर आपसूक आल्यासारखे वाटते. प्रश्न ठेवला की उत्तर कशाला दिलेले आहे ते उघड होते. बोलणारा कॅमेऱ्यात पाहतो की कॅमेऱ्याशेजारी बसलेल्या माणसाकडे, त्याला कोठे बसवले आहे, मागे पुस्तकांचे कपाट आहे की भांड्यांची मांडणी, यांतून त्याला तज्ज्ञ मानले आहे की साक्षीदार, ते ठरते. संकलनात दोन शॉट शेजारी आल्याने तयार होणारा अर्थ दोन्हींपैकी एकाही शॉटमध्ये नसतो, म्हणून प्रत्येक कटला 'हा इथेच का' असे विचारा. ध्वनीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सारंगी, बासरी किंवा तालवाद्य वाजू लागले की कोणती भावना आपल्यावर सोपवली जात आहे ते लिहा, आणि जेथे संगीत थांबते ती वेळ तर नक्कीच लिहा.

चौथी पायरी: कोणाला बोलू दिले, आणि त्या बोलण्याचे काय केले

आर्थर एल्टन आणि एडगर अ‍ॅन्स्टी यांच्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' या १९३५ सालच्या ब्रिटिश माहितीपटात लंडनच्या गलिच्छ वस्तीतली माणसे आपल्या घरांत उभी राहून, आपल्या बोलीत, थेट कॅमेऱ्यासमोर उंदीर, घुशी आणि पडक्या भिंतींविषयी बोलतात. त्या काळी हे नवे होते, आणि आजही त्यांचे बोलणे ऐकताना चित्रपटाविषयी आदर वाटतो. पण या चित्रपटाला पैसा गॅस उद्योगाने पुरवला होता, आणि जुन्या वस्त्या पाडून आधुनिक सोयींची नवी घरे बांधणे हा त्यातला उपाय होता. रहिवाशांचा शब्द अस्सल आहे. त्या शब्दाने सिद्ध केलेला निष्कर्ष मात्र रहिवाशांनी काढलेला नाही. म्हणूनच 'चित्रपटाने वंचितांना आवाज दिला' हे वाक्य विश्लेषणात लिहिण्यापूर्वी त्या आवाजाने कोणाचा युक्तिवाद पुढे नेला, ते तपासावे.

याच्या शेजारी आनंद पटवर्धन यांचा १९८५ सालचा 'हमारा शहर' ठेवून पाहा. नव्या विद्यार्थ्याने पहिला सराव याच चित्रपटावर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. १९८१ मध्ये मुंबईतल्या पदपथांवरच्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांना हटवण्याची मोहीम निघाली. तिच्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असे मान्य केले, मात्र योग्य नोटीस देऊन हटवण्याला मुभा ठेवली. चित्रपट याच वर्षांतला आहे. त्यात पाडापाडी आहे, झोपडीवासीयांचे बोलणे आहे आणि शहर स्वच्छ व सुंदर असावे असे सांगणाऱ्या सुस्थितीतल्या नागरिकांचे व अधिकाऱ्यांचे बोलणेही आहे. निवेदकाने मत सांगण्याऐवजी ही दोन बोलणी संकलनाने समोरासमोर आणली आहेत. ज्यांचे घर पाडले त्यांच्या तोंडून त्या शहराच्या बांधकामातले त्यांचे श्रम ऐकल्यावर, नंतर येणारे सुंदर शहराचे स्वप्न आपण वेगळ्या कानांनी ऐकतो.

या चित्रपटात एक बाई चित्रीकरण करणाऱ्यांवरच संतापते: गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमवाल, आमच्या हाती काय येणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. दिग्दर्शकाला हा भाग सहज वगळता आला असता. तो ठेवल्यामुळे चित्रपटाने आपल्याच हेतूवरचा आक्षेप प्रेक्षकापुढे मांडला. मात्र विश्लेषण करताना तेवढ्यावर दिग्दर्शकाला शाबासकी देऊन मोकळे होऊ नका. तो आक्षेप ठेवल्याने चित्रपटाची विश्वासार्हता वाढते, म्हणजे त्या बाईच्या रागाचाही चित्रपटाला लाभच होतो, ही बाजूही लिहायला हवी. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, आणि चांगल्या विश्लेषणात ती शेजारी शेजारी नांदतात.

'हमारा शहर'मध्ये शाहीर विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' तेथून सुरू होतो. आधीच्या चित्रपटात जो माणूस शहरातल्या गरिबांचा आवाज म्हणून ऐकू आला, तो या चित्रपटात जात, आंबेडकरी चळवळ आणि डाव्या पक्षांशी असलेले नाते यांसह उभा राहतो. एकाच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांतले एकाच माणसाचे हे चित्रण ताडून पाहिले, की वर्गाच्या चौकटीत काय दिसत नव्हते आणि जातीचा प्रश्न मध्यभागी आल्यावर काय दिसू लागले, हे हाताला लागते. चित्रणाचा अभ्यास 'सकारात्मक की नकारात्मक' या दोन खणांत कोंबण्यापेक्षा अशी तुलना कितीतरी अधिक सांगून जाते.

ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांचे मत उपलब्ध असेल तर ते जरूर मिळवा. 'रायटिंग विथ फायर' हा बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया' या वृत्तसंस्थेच्या महिला पत्रकारांवरचा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. पण मार्च २०२२ मध्ये खुद्द 'खबर लहरिया'ने निवेदन काढून सांगितले, की चित्रपट प्रभावी असला तरी आपले काम एकाच पक्षाच्या वार्तांकनाभोवती फिरते असे त्यात दिसते आणि ते चित्र अचूक नाही. येथे कोणी कोणाला हिणवलेले नाही, उलट गौरवच केला आहे. तरीही निवड आणि क्रम यांमुळे संस्थेचे रूप पालटते, याचा हा उत्तम दाखला आहे.

पाचवी पायरी: प्रेक्षक म्हणजे नेमके कोण

'प्रेक्षकाला वाईट वाटते' हे वाक्य जवळपास प्रत्येक उत्तरपत्रिकेत असते आणि ते जवळपास नेहमीच लिहिणाऱ्याविषयी असते. चित्रपट ज्याला उद्देशून बोलतो तो प्रेक्षक, ज्यांनी तो प्रत्यक्षात पाहिला ते प्रेक्षक आणि ज्यांचे त्यात चित्रण आहे ते प्रेक्षक, असे तीन वेगळे करा. पहिल्याचा माग चित्रपटातच सापडतो: उपशीर्षके कोणत्या भाषेत आहेत, कोणती गोष्ट समजावून सांगितली आहे आणि कोणती गृहीत धरली आहे? भाकरी म्हणजे काय हे निवेदकाने सांगितले असेल, तर तो मराठी माणसाशी बोलत नाही. श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा, कारण पैसा कोणी दिला आणि आभार कोणाचे मानले, यावरून चित्रपट कोठे जाणार होता ते कळते.

दुसऱ्या प्रेक्षकापर्यंत चित्रपट पोहोचतो तो वितरण, प्रमाणपत्र आणि अनेकदा न्यायालय यांच्यामार्फत. पटवर्धन यांचे चित्रपट दूरदर्शनवर यावेत यासाठी वारंवार खटले लढवावे लागले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात प्रक्षेपणाच्या बाजूने निकाल देताना चित्रपट सुट्या प्रसंगांवरून न जोखता समग्रपणे आणि सर्वसाधारण माणसाच्या दृष्टीने पाहावा, असे तत्त्व लावले. १९९० पासून भरणाऱ्या मुंबईच्या माहितीपट महोत्सवात २००४ मध्ये भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र लावण्याचा प्रश्न पेटला, तेव्हा चित्रपटकर्त्यांनी 'विकल्प' नावाने समांतर प्रदर्शन भरवले. फिल्म सोसायटीत, वस्तीतल्या पडद्यावर आणि मोबाइलवर पाहिलेला एकच माहितीपट सारखा पाहिला जात नाही, म्हणून पाहण्याची जागा विश्लेषणात आलीच पाहिजे.

माध्यम आणि संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेली विभागणी येथे हाताशी ठेवा: काही प्रेक्षक चित्रपटाने सुचवलेला अर्थ स्वीकारतात, काही तो अंशतः स्वीकारून स्वतःच्या अनुभवाशी जुळवून घेतात आणि काही तो नाकारून उलटा अर्थ लावतात. ही विभागणी अंदाजाने न लावता छोटी चाचणी करा. निवडलेला तुकडा वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या चार-पाच जणांना स्वतंत्रपणे दाखवा, कारण एकत्र बसवले की पहिला बोलणारा इतरांचे उत्तर ठरवतो. 'कसे वाटले' असे विचारण्याआधी 'काय काय दिसले' असे विचारा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. नावे गुप्त ठेवा आणि उत्तरे लेखात वापरण्याची परवानगी आधी घ्या. कोणी काय पाहिलेच नाही, यातून बऱ्याचदा सर्वांत मोलाचा मुद्दा मिळतो.

सहावी पायरी: लिहिणे

प्रत्येक परिच्छेदात एक दावा, त्याला आधार देणारा नेमका शॉट वेळेसह, त्या तंत्राचा परिणाम आणि त्याच शॉटचे दुसरे संभाव्य वाचन, एवढे असले की पुरे. 'दिग्दर्शकाने शेतकऱ्याची व्यथा हृदयस्पर्शीपणे दाखवली आहे' याऐवजी असे लिहा: 'बाविसाव्या सेकंदाला शेतकऱ्याचा चेहरा जवळून दिसतो, पण शब्द निवेदकाचे आहेत, त्यामुळे मुंबईच्या प्रेक्षकाला करुणा वाटू शकते, तर गावातल्या प्रेक्षकाला हा माणूस बोलत का नाही, असा प्रश्न पडू शकतो.' चित्रपटाच्या अनेकदा कमी-अधिक लांबीच्या आवृत्त्या असतात, म्हणून आपण कोणती पाहिली ते सुरुवातीलाच नोंदवा. दिग्दर्शकाच्या मुलाखती वाचा, पण आपली नोंद पूर्ण झाल्यावरच. आधी वाचल्या तर पडद्यावर त्याचा हेतू दिसू लागतो आणि प्रत्यक्ष शॉट दिसेनासा होतो.

मसुदा झाला की त्यातल्या माणसांच्या उल्लेखांखाली रेघ मारा. चित्रपटाने ज्यांची नावे दिली आहेत, त्यांतल्या अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा तुम्ही लिहिला आणि नाव दिलेल्या मजुराला किंवा गृहिणीला 'एक बाई', 'एक कामगार' म्हणून सोडले असेल, तर ती वाक्ये पुन्हा लिहा. चित्रपटानेच नाव दिले नसेल, तर ते दिलेले नाही असे स्पष्ट नोंदवा आणि तोही एक मुद्दा म्हणून मांडा.